पिलबाग

सावद्याच्या रस्त्यावर त्या रात्री
केळीच्या ट्रकांची रांग लागली होती
आणि रांगेत एक अ‍ॅम्बुलन्स.
तिच्यात मी.
अंगाखालच्या रबरी चादरीवर
काहीतरी ऊन-ऊन साचत होतं.
मला वाटलं, पाणी सांडलं.

एवढंच नीट आठवतं.
बाकीचं वळवी सिस्टरांनी नंतर सांगितलं,
तेही थोडं थोडं,
पथ्याचं जेवण वाढावं तसं.

मी वजनकाट्यावर हिशेब लिहिते,
आकड्यात सांगितलं की मला कळतं.
पोरगी दोन किलो सातशे.
रक्ताच्या चार पिशव्या.
आणि तीन दिवस, ज्यांच्यासमोर
माझ्या वहीत काहीच नाही.

कानबाईच्या रोटांचा रविवार होता.
घरोघर माणसं पाटावर बसलेली,
हेमकांत फोन लावत होता, कुणी उचलत नव्हतं.
शेवटी रहेमान तडवी आला, आमच्याच काट्यावरचा हमाल,
भरता ट्रक सोडून.
हात पुढे केला, पिशवी भरली,
बिस्किटाचा पुडा खाल्ला आणि परत गेला घड उचलायला.
त्यावर तो कधी बोलत नाही.
त्याची हजेरी लिहिताना
मी पेन जरा जास्त दाबते.

पोरीचं नाव कानू ठेवलं.
चार वर्षांची आहे. परवा वेणी घालताना म्हणाली,
"मी आले तेव्हा तू हसली होतीस?"
मी हो म्हणाले.
मी तर तेव्हा तिथे नव्हतेच.

सासूबाई कळण्याची भाकरी थापतात,
तव्याकडे बघतच म्हणतात,
"एक पोर म्हंजे एक डोया, व माय."
वाईट बाई नाही. त्या महिन्यात माझे पाय
तिनेच चेपले, रात्र-रात्र.
पण विसरायचं कसं ते तिला येतं,
मला कुणी शिकवलं नाही.

मागच्या आठवड्यात सासरे बांधावरून ओरडले,
"औंदा पिलबाग धरू का, का काढून टाकू?"
साधा प्रश्न होता, शेतातला.
घड उतरला की मायखोड कापतात,
बुडातलं पील वाढू देतात.
केळ एकदाच निसवते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
मी हातातला डबा तसाच धरून
कापलेल्या खोडाकडे बघत राहिले,
पाणी गळत होतं त्यातून, अजून.
मी केळ नाही, असं मोठ्यानं म्हणाले.
सासऱ्यांना वाटलं, मी "नाही" म्हणाले.
म्हणाले, बरं, काढू मग.

रात्री हेमकांतला विचारलं.
विचारलं म्हणजे, दिवा मालवल्यावर.
त्याने त्या रात्री एका कागदावर सही केली होती.
सिनेमात असतं तसं, आई का बाळ, असलं काही नव्हतं त्यात,
नुसतं, जबाबदारी आमची राहील.
बँकेत सही करताना तो आजही
पेन टेकवून थांबतो.
तो म्हणाला, "नको. एक आहे, पुरे."
किती पटकन.
मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.
मला राग आला.

भीती माझी आहे.
चार वर्षं मी तिला अंगावर पाजली आहे,
पाळी दोन दिवस लांबली की
न्हाणीघरात उभ्याउभ्या थरथरले आहे,
मला तिच्या खोड्या ठाऊक आहेत.
आणि हेही, की कधी कधी दुपारी
कानूचे जुने झबले उन्हात टाकताना
ती माझ्या शेजारी बसून त्यांचा वास घेते.
तू मधे पडू नकोस, म्हणाले.
तो बराच वेळ गप्प होता,
मग त्याने अंधारातच विचारलं,
"फाईल कुठे ठेवलीय तुझी?"

गव्हाच्या कोठीमागे, प्लास्टिकच्या पिशवीत.
गुरुवारी जळगावला जायचं आहे, डॉक्टरीणबाईंकडे.
फक्त विचारायला.
हे मी तीनदा म्हणाले,
दोनदा त्याला.

वाटेत ट्रक असतील.
लवकर निघू.